गुंडीची शिकवणी

खार बोक्याच्या मिशा हुंगत होती.

खिडकीबाहेरच्या भिंतीवर हा प्रकार चाललेला पाहिला आणि टेलर मास्तरांचा मशिनवरचा पाय जागच्या जागी थांबला. बोका शेजाऱ्यांचा, चांगला दांडगा, एका कानाने फाटका. जेवण आपण होऊन चालत आलेलं त्याने जन्मात पाहिलं नसावं, त्यामुळे तोही जरा बावचळला होता. तेवढा वेळ मास्तरांना पुरला. हाताला लागलेली लाकडी पट्टी त्यांनी खिडकीतून भिरकावली. बोका पलीकडे उडी टाकून पसार झाला आणि गुंडी, म्हणजे ती खार, शेपटी उडवत आत आली. टांगलेल्या कोटांवरून चढत ती वरच्या दांडीवर गेली आणि काही घडलंच नाही अशा थाटात सूर्यफुलाची बी सोलायला बसली.

मास्तरांनी उठून आधी ती खिडकी लावून घेतली.

डोळेसुद्धा उघडले नव्हते तेव्हापासून त्यांनीच तिला वाढवलं होतं. दर तीन तासांनी ड्रॉपरने दूध, मग ओल्या कापसाने पोट पुसणं, निजायला बटणांचा डबा आणि त्यात अस्तराच्या चिंध्या. पण डब्यात ती कधी टिकली नाही. मास्तर शिवायला बसले की शर्टाच्या बाहीतून वर शिरायची आणि काखेत गोळा होऊन झोपायची. या तीन महिन्यांत तिने ना मांजर पाहिलं होतं, ना घार. जगात हलतंय ते सगळं आपलं लाड करणारं, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"मास्तर, कोंडून ठेवलंत तर जाळी कुरतडून जाईल," बाई म्हणाल्या. "तिचं वयच आता झाडावर जायचं आहे. पण ही अशी गेली तर दोन दिवस टिकायची नाही. पिल्लांना भ्यायला आईच्या मागे फिरून येतं. इथे आई तुम्ही."

"मग मी काय करू?"

"घाबरवा तिला. मांजराचा वास द्या आणि चांगली घाबरवा. दया करू नका."

शेजारी बसून हे ऐकणारी मास्तरांची बायको काज-बटणं बाजूला ठेवून उठली. भिंतीखाली पडलेली पट्टी तिने शोधून आणली आणि शेजाऱ्यांकडून बोक्याच्या अंथरुणाचं फडकंही मागून आणलं. मास्तरांनी ते पट्टीच्या टोकाला बांधलं. मागची खिडकी उघडून ठेवली. तिथून झाडाची फांदी हातभरावर होती. घाबरली की गुंडीने तिकडेच पळायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. गुंडीला कापायच्या टेबलावर ठेवून मास्तरांनी ते फडकं तिच्यासमोर हलवलं आणि तोंडाने फिस्स केलं.

गुंडी दोन पायांवर उभी राहिली, फडकं हुंगलं आणि घरट्याला चांगले म्हणून त्याचे धागे ओढायला लागली.

"अहो, जरा ओरडा की," बायको म्हणाली.

"ओरडतोय ना."

"हे ओरडणं? गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात या म्हणताना याहून मोठ्याने बोलता."

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पाय आपटले. गुंडीला मोठी मजा वाटली. ती टेबलावर गोल गोल पळाली आणि परत फडक्यापाशी येऊन बसली.

तेवढ्यात मास्तरांचं लक्ष पुढच्या खिडकीकडे गेलं. बोका परत आला होता. भिंतीवर बसून तो काचेतून आत बघत होता आणि त्याच्या शेपटीचं फक्त टोक हलत होतं. उद्या आपण असेच मशिनवर असू, मान खाली असेल, आणि ही पुन्हा त्याच्या मिशा हुंगायला जाईल.

त्यांनी पट्टी उगारली आणि सगळं बळ लावून टेबलावर आपटली, गुंडीच्या शेपटीपासून चार बोटांवर. टाचण्यांची डबी उडून खाली सांडली.

"चालती हो," ते ओरडले. तीस वर्षांच्या संसारात बायकोने हा आवाज कधी ऐकला नव्हता.

गुंडी टेबलाला चिकटून सपाट झाली. तिची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुलली आणि गळ्यातून एक कोरडा आवाज निघू लागला. चिक्, चिक्, चिक्. हा तिला कोणी शिकवला नव्हता.

"घाबरली," बायको पुटपुटली. "अहो, खरंच घाबरली ती."

मास्तरांचे डोळे भरून आले होते. तरी त्यांनी पट्टी पुन्हा डोक्यावर उगारली. "जा," ते म्हणाले. "पळ."

गुंडीने उघड्या खिडकीकडे पाहिलं. फडक्याकडे पाहिलं. मग ती जी सुटली ती टेबलावरून थेट मास्तरांच्या छातीवर, छातीवरून खांद्यावर, आणि उगारलेल्या हाताच्या बाहीतून आत काखेत.

काखेत नखं रुतली होती आणि एवढंसं काळीज धाडधाड उडत होतं. भिंतीवर बोक्याने पुढचे पाय पोटाखाली घेतले आणि तो सावकाश खाली बसला.

"हात खाली घ्या आता," बायको म्हणाली.

"कसा घेऊ? चिरडेल ती," मास्तर म्हणाले, आणि पट्टी उगारलेला हात तसाच वर धरून उभे राहिले.