उपाशी कोण?

“जेवायला बसण्याआधी दारातून हाक मारायची, येसू. ‘कुणी उपाशी आहे का गो?’ ओ आली, तर ताट घेऊन जायचं. नाव विचारायचं नाही.” येसू नवरी होऊन बेटावर उतरली, तेव्हाच सासूने तिच्याकडून हे वचन घेतलं होतं. बेटावर सगळ्यांचीच ही रीत. होडी रिकामी परतली, तरी कुणी उपाशी झोपत नसे.

आता सगळी वस्ती किनाऱ्यावर राहायला गेली होती. येसूला न्यायला मुलगा शेवटची होडी घेऊन आला होता.

“आये, आटप. ओहोटीत होडी चिखलात रुतेल.”

“दोन घास खाऊ, मग निघू,” म्हणत तिने भात वाढला आणि सवयीने दारातून हाक मारली.

“कुणाला बोलावतेस? इथे कावळासुद्धा उरला नाही!” मुलगा हसला.

दारं-कौलं काढून नेलेल्या समोरच्या घरातून ओ आली. “आहे गो.”

मुलगा पांढराफटक पडला. त्यानेही ऐकलं होतं. त्याने आईचा हात घट्ट धरला. “नको गो आये. पाणी उतरतंय.”

येसूने हात हळूच सोडवून घेतला, ताटावर पदर धरला आणि त्या घराकडे चालू लागली.