क्षच्या जागी एक

पहिल्या तासाची घंटा व्हायच्या आत सुनिल सरांनी टेबलावरचे दोन चिकू फस्त केले आणि साली-बिया खिडकीतून बाहेर भिरकावल्या. कुणी ठेवले, हे विचारायची डहाणूच्या कॉलेजात पद्धत नाही. हंगामात विद्यार्थी चिकू ठेवून जातात, सर खातात.

चिकू गोड होते, पण सरांचं तोंड कडूच. गेल्या वर्षी त्यांनी मुंबईच्या प्रकल्प स्पर्धेला पाठवलेल्या मुलाने सगळे आकडे घरबसल्या ठोकून दिले होते. परीक्षकांनी भर सभेत विचारलं, "सर, तुम्ही तपासलं नव्हतं?" तेव्हा खाली गेलेली मान अजून नीट वर आली नव्हती. यंदा त्यांनी नियम कडक केले: थोडी तरी मोजणी त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायलाच हवी.

यंदा दक्षाचं नाव जायचं होतं. तलासरीकडच्या पाड्यावरून दोन गाड्या बदलून येणारी मुलगी. तिची आई नरपडच्या वाडीत चिकू तोडायला जाते. आईनेच प्रकल्पासाठी शंभर चिकू आणून दिले. एकेका चिकूत किती बिया? बियांची संख्या क्षच्या घातांकात, तेवढ्या बिया निघण्याची संभाव्यता सहगुणकात, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे जनक फलन. त्याचा वर्ग केला की दोन चिकूंच्या मिळून बियांचा हिशोब आपोआप हाती येतो.

सरांनी वर्गासमोर तिची वही उघडली.

"क्षच्या जागी एक ठेवला की उत्तर किती यायला हवं?"

"एक, सर."

"मग कर बेरीज."

०.१२, ०.३१, ०.३५, ०.२०.

"शून्य दशांश अठ्ठ्याण्णव," ती हळूच म्हणाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"उरलेले दोन टक्के कुठे गेले? आकडे घरी बनवलेस ना?"

"नाय सर, खोटं नाय लिवलं." तिने टेबलाकडे पाहिलं, मग सरांकडे. तिचे कान लाल झाले.

"मग सांग ना, कुठे गेले?"

"राहू दे, सर."

तिची मान खाली गेली. सरांना ती कबुलीच वाटली. भर सभेतली ती लाज पुन्हा अंगावर आली. त्यांनी तिथल्या तिथे फोनवर दक्षाचं नाव खोडलं, दुसऱ्या नंबरच्या मिथुनचं घातलं आणि यादी मुंबईला पाठवून दिली.

तास संपला. वही मिटताना शेवटचं पान उलटलं. खाली दक्षाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

"सरांच्या नियमाप्रमाणे शेवटचे दोन चिकू त्यांच्यासमोर कापून मोजायचे. सकाळीच टेबलावर ठेवले आहेत."