लेकीच्या लुगड्याची चिंधी

नदीला पूल नव्हता, म्हणून ठमाबाईची बाळंतपणात अडलेली लेक पुराच्या काठावर बैलगाडीतच दगावली. "पूल नाई तं मत नाई," अशी शपथ गावाने तिच्याच अंगणात घेतली. मतदानाच्या संध्याकाळी बातमी आली: गावातून एक मत पडलं. सारे त्याच अंगणात जमले. ठमाबाईच्या बोटावरचा काळा डाग पाहून कुजबुज उठली. "शाई नाई थे, बिब्याच्या तेलाचा डाग हाये. काल बिबे फोडले मी. यायले विचारा," ती नवऱ्याकडे हात करून म्हणाली. नवऱ्याने नजर चुकवली. "मले काई ठाऊक नाई." ठमाबाईची नजर त्याच्या बोटावरच्या चिंधीवर गेली. सकाळी कुऱ्हाड लागली म्हणून तो बोटाला पळसाचं पान गुंडाळून आला, तेव्हा लेकीचं जपलेलं लुगडं फाडून तिनेच त्यावर चिंधी बांधली होती. "माह्या लेकीचं लुगडं हाये. दे वापस," म्हणत तिने चिंधी ओढली. पान निसटलं. बोटाला जखम नव्हती, शाई होती.