सोडलेली जागा

देशोदेशी तलवारबाजी करण्यात अर्धं आयुष्य गेलं, तेव्हा कुठे जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी तिच्या पदरात पडली. आणि नेमकी आदल्याच सामन्यात बरगडी दुखावली. खोलीचं दार लावून बाबांनी पट्टी आवळून बांधली. गुरू म्हणून एरवी ते कडक. आज मात्र "दुखतंय का?" असं सारखं विचारत होते.

"या कानाची त्या कानाला खबर लागता कामा नये," ती म्हणाली. "कळलं तर समोरची तिथेच टोचत राहील."

"माझ्या तोंडाला कुलूप," बाबा म्हणाले.

समोरची पोरगी बरगडीवर नेम धरण्यात पटाईत. पण आज तिचं पातं छातीवर यायचं, पोटावर यायचं. बरगडीकडे एकदाही फिरकलं नाही. आपला बचाव असा काही जमलाय, या विचाराने हिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेवटच्या गुणाचा दिवाही हिच्याच बाजूने लागला आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं.

मुखवटे उतरले. हात मिळवताना पोरगी हळूच म्हणाली, "बरगडी सांभाळा हं, ताई. मी जपूनच खेळले."

हिने वळून पाहिलं. बाबा कडेला डोळे पुसत उभे होते.

"तुम्ही सांगितलंत तिला?"

"पोरी, तुझ्या जिवापुढे पदकाची काय मातब्बरी?"

"मग मला माझ्या बळावर हरू द्यायचं होतंत, बाबा."