जोमाभाऊंसाठी खास अंदाज

"जोमाभाऊ, समुद्र शांत आहे. खुशाल पुढे जा," होडीतलं जोमाचं हवामानयंत्र गोड आवाजात म्हणालं, आणि जोमाने संशयाने त्याच्याकडे पाहिलं. आजवर यंत्राने वादळ म्हटलं, की हा पठ्ठ्या हटकून शीड उभारायचा. आज ते एवढं लाडात का आलंय?

पलीकडे बसलेल्या मेहुण्याच्या, लडकूच्या, यंत्रावर मात्र वादळाचा इशारा चालला होता.

"भावजी, एकाच होडीत दोन हवामानं?"

"तू मुकाट ऐकतोस, म्हणून तुला खरं सांगतंय. मी उलटं करतो हे त्याला कळलंय, म्हणून मला थाप."

"मग फिरवा की होडी!"

"फिरवली, तर त्याच्याच मनासारखं होईल."

"आणि बुडालो, तर ताईला मी काय सांगू?"

"बुडाल्यावर तू सांगणार कसा, शहाण्या?" म्हणत जोमाने दातओठ खात सुकाणू किनाऱ्याकडे वळवलं.

"परत कशाला, जोमाभाऊ?" यंत्र हळहळलं. "पुढे सुरमई आहे, भरपूर!"

"थापाड्या!" जोमा खेकसला आणि त्याने शीड आणखी ताणलं. होडी घराकडे सुसाट निघाली.