उसनी पुस्तकं

तपासणीला आलेल्या नीलिमा मॅडमनी कपाटातलं पुस्तक उघडलं आणि ग्रंथपाल भामाबाईंनी मान लांब करून पाहिलं. पहिल्याच पानावर दिलसुखनगरच्या कॉलेजचा ठसठशीत शिक्का होता. आणि मॅडम तपासत होत्या मलकपेठच्या कॉलेजची लायब्ररी!

मूल्यांकन समिती पुण्याहून आली होती. तिच्या अहवालावर कॉलेजची ग्रेड ठरायची होती. "यंदा लायब्ररीचे मार्क गेले, तर ही खोली रिकामी करून कम्प्युटर लॅब टाकतो," असं प्राचार्य शिवराज सरांनी बजावलं होतं. कपाटं तर अर्धी मोकळी. मग काय, लग्नघरात शेजारून ताटं-वाट्या आणाव्यात तशी काल संध्याकाळी दोन ऑटो भरून पुस्तकं आली. कल्पना सरांची, ओझी भामाबाईंची. शिक्के बघायला सवड होती कुणाला?

"ही कुणाची पुस्तकं?" मॅडमनी विचारलं.

मागे उभे राहून सर जिवाच्या आकांताने ओठ हलवत होते : देणगी म्हणा, देणगी! भामाबाईंनी तोंड उघडलं. पण बारा वर्षं सांभाळलेल्या त्या खोलीत उभं राहून खोटं काही बोलवेना.

"उसनी आहेत मॅडम. दिलसुखनगरच्या लायब्ररीतल्या चारुलताकडून आणली, तुम्हाला दाखवायला."

"आणि तुमची?"

"पोरांच्या घरी. सोमवारपासून परीक्षा हाय. कपाट भरायला त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायचं? मला तर नक्को वाटलं." त्यांनी देवघेवीचं रजिस्टर पुढे केलं. पानंच्या पानं नावांनी भरली होती.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "गेल्या महिन्यात मी दिलसुखनगरलाही गेले होते. तिथली कपाटं मात्र गच्च भरलेली होती."

"हौ मॅडम," भामाबाई म्हणाल्या. आता लपवायचं तरी काय? "त्यातली निम्मी आमची होती."

शिवराज सर मटकन खुर्चीत बसले. मॅडमनी मात्र रजिस्टर शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

पुढचे दोन महिने भामाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. अहवाल आला तेव्हा सर तो घेऊन स्वतः लायब्ररीत आले, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचू लागले :

"पुस्तकांचा वापर : उत्तम. शेजारच्या कॉलेजशी सहकार्य : अतिउत्तम."