बिनसाखरेचा केक

घरासमोर केक आणि चहाचं नवं कॅफे सुरू झालं, तोवर आईला जाऊन महिना झाला होता. दुकानाचं रंगकाम चालू असताना ती खिडकीत बसून रोज म्हणायची, "उघडलं की जाऊ गं एकदा." आणि लेक दरवेळी तिला गप्प करायची, "आधी शुगर खाली आण, मग बघू."

आज लेक बाबांना घेऊन तिथे गेली. मुद्दाम सगळ्यात गोड केक मागवला. बशी दोघांमध्ये तशीच राहिली.

"तिने दोन घासांत फस्त केला असता," बाबा म्हणाले.

मालकीणबाई हसत टेबलाशी आल्या. "समोरचेच ना तुम्ही? मग आजींना नाही आणलंत? दुकान मांडत होतो, तेव्हा धापा टाकत जिना उतरून आल्या होत्या. बिनसाखरेचा केक ठेवाच म्हणाल्या. रोज एक बाजूला काढून ठेवते त्यांच्यासाठी."

लेकीने कसंबसं विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मला नाही म्हणताना लेकीचाच चेहरा उतरतो. तिला एकदा हो म्हणता येऊ दे."